हुंकारा

पांढरकवड्यात बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला कय्युमचं गादीचं दुकान लागतं. पुढे दुकान, त्याला लागून कापूस पिंजायची मशीन, मागे अंगण आणि अंगणापलीकडे दोन खोल्यांचं घर. मशीन सुरू झाली की अर्ध्या गल्लीला बोलणं थांबवावं लागतं. त्या आवाजात उभं आयुष्य काढल्यामुळे कय्युमला एक सवय जडली होती. समोरचा काय म्हणतो ते ऐकू येवो न येवो, मान हलवायची आणि 'हो हो' म्हणायचं. गल्लीतले लोक गमतीनं म्हणत, मशीन चालू असताना कय्युमला दुकान मागा, देऊन मोकळा होईल.

त्याची बायको हुस्नाबी पोळ्यानंतर गेली. साधा ताप म्हणून तिनं अंगावर काढला. मग यवतमाळला नेलं, पण तोवर फार उशीर झाला होता. माणूस गेलं की घर गप्प होतं म्हणतात. कय्युमच्या घरी मशीन होती, आवाज पूर्वीइतकाच होता. पण संध्याकाळी मशीन बंद केली की त्याला अंगणात जायची भीती वाटे.

धाकटी मुलगी अतिया यवतमाळला एम. ए. करत होती, इंग्रजी साहित्याचं. दुसरं वर्ष होतं. अपेक्षा नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. आईसाठी ती धावत आली तेव्हा पुस्तकांची बॅग तशीच खांद्याला होती. ती बॅग त्या दिवशी खाटेखाली गेली आणि तिथंच राहिली. चाळिसावा झाला, पाहुणे पांगले, मोठी मुलगी गझाला वणीला सासरी परतली. अतिया मात्र यवतमाळचं नाव काढेना.

परीक्षा दिवाळीनंतर होती. अपेक्षाचा रोज फोन येई. अतिया "पाहू" म्हणून ठेवून देई. कय्युमनं एकदोनदा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, तुमच्या पोळ्या कोण करेल? तो म्हणाला, मी खिचडी खाईन. एका सकाळी पीठ मळता मळता तिनं खरं सांगून टाकलं.

"अब्बा, पोळीचं निमित्त हाय. पुस्तक उघडलं ना, तर डोक्यात काही जाऊनच नाही राह्यलं. अक्षरं दिसतात, बस. परीक्षेत बसून काय करू?"

कय्युम चौथी शिकलेला. त्याला इंग्रजीतलं 'लेफ्ट-राइट' एवढंच ठाऊक, तेही ट्रक मागे घेताना ऐकून. या आजारावर त्याच्याजवळ औषध नव्हतं. तो दुकानात गेला आणि मशीन सुरू केली.

दिवस गाद्यांच्या धंद्याचे होते. थंडी तोंडावर आलेली, नवा कापूस घरोघरी येत होता, तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू होणार. कय्युमच्या दुकानात भिंतीला गाद्या उभ्या होत्या. भरलेल्या, काही टाचलेल्याही, पण सगळ्या एका कोपऱ्यात उघड्या. ज्या तोंडातून खोळीत कापूस भरतात ते तोंड शिवायचं काम हुस्नाबीचं होतं. बाकीचे टाके कोणीही घालो, तोंड तीच शिवायची. शेवटचा टाका घालून दोरा दातानं तोडायची, गादीवर बसून एकदा इकडे सरकायची, एकदा तिकडे, आणि मग म्हणायची, "जाऊ द्या." तिनं 'जाऊ द्या' म्हटल्याशिवाय गादी दुकानाबाहेर पडत नसे. आता गिऱ्हाईक आलं की कय्युम म्हणे, उद्या या. काही जण तीनतीनदा येऊन गेले होते.

इंदूबाईही आली. ती सदाशिवरावांची बायको, त्यांचं शेत केळापूरच्या रस्त्याला. तिचं आणि हुस्नाबीचं माहेर केळापूरचंच, त्यामुळे दोघींची लहानपणापासूनची ओळख. घरी मयत झाली त्या तीन दिवसांत कय्युमच्या घरची चूल पेटली नव्हती, तेव्हा इंदूबाईनं पिठलं-भाकरी पाठवली होती. तिच्या मुलीचं, खुशीचं, लग्न ठरलं होतं आणि आंदणाच्या गाद्यांसाठी तिनं घरच्याच शेतातला कापूस दिला होता.

"झाल्या काय गाद्या, कय्युमभाऊ?"

"झाल्याच, वहिनी."

"झाल्या तं दे ना मंग."

"थोडं तोंड राह्यलं शिवायचं."

इंदूबाईनं भिंतीकडे पाहिलं. सगळ्याच गाद्यांची तोंडं उघडी होती. ती स्टूल ओढून बसली. मग कय्युमनं मशीन बंद करून तिला अतियाचं सांगितलं. पोरगी हुशार आहे, पहिल्या वर्षी वर्गात पहिली आली, आणि आता म्हणते डोक्यात जात नाही. हे काय झालं असावं?

इंदूबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, ती एकटीनं कधी शिकली होती? तिच्या पुस्तकांतली प्रत्येक कहाणी तिनं आधी आईला सांगितली, मग परीक्षेत लिहिली. सुट्टीत आली की अंगणात, आणि यवतमाळला असली की फोनवर.

कय्युमला एकदम आठवलं. दुपारी हुस्नाबी अंगणात गादी टाचत बसायची, फोन ओढणीत कानाशी खोचलेला, आणि तोंडानं नुसतं 'हं... हं...' त्याला वाटायचं, गझालाशी सासूच्या चुगल्या चालल्यात.

"चुगल्याच होत्या," इंदूबाई म्हणाली, "पण इंग्रजांच्या. मलेबी सांगे मंग. कोण्या राणीनं काय केलं, कोणाचं लग्न मोडलं. हुंकारा देनारी गेली ना, कय्युमभाऊ. पोरगी कोनाले सांगन?"

हुंकारा म्हणजे काय ते कय्युमला ठाऊक होतं. कापूस वेचताना बायांच्या ओळीत एकजण कहाणी सांगते आणि शेजारची 'हं' म्हणत राहते. हुंकारा थांबला की कहाणी थांबते. हुस्नाबी लहानपणी त्याच ओळींत वाढलेली. घरात हिंदी-वऱ्हाडी सरमिसळ चाले, पण कहाणी आली की हुस्नाबीची जीभ निव्वळ वऱ्हाडीवर यायची आणि पोरींचीही. हिंदीत सांगितलेली कहाणी तिला बेचव लागे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कय्युमनं दुकानाचं दार पुढं ओढलं, खुशीची एक गादी अंगणात आणून पसरली, मोठं दाभण आणि दोरा घेतला आणि मधले टाके घालायला बसला. अतिया धान्य निवडत होती.

"सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"परीक्षेत जे हाय ते. मी हुंकारा देतो."

अतियानं मान वर केली नाही. राहू द्या अब्बा, म्हणाली. तोही अडून बसला. मी काय बहिरा आहे का, म्हणाला. शेवटी बापाचं मन राखायचं म्हणून तिनं सुरुवात केली. एका स्टेशनमास्तरची कादंबरी होती. इंग्लंडातलं खेडं, बारकं स्टेशन, दिवसातून मोजक्या गाड्या. स्टेशनमास्तर, त्याची बायको, स्टेशनामागं दोन खोल्यांचं घर. कय्युमनं मनात यवतमाळचं जुनं स्टेशन उभं केलं, छोटी गाडी जिथं यायची ते, आणि हुंकारे सुरू केले. हं. हं. टाका ओढला की हं, दोरा ओवला की हं. त्याला वाटलं, जमतं आहे. काम सोपं होतं.

थोड्या वेळानं अतियाचा आवाज जरा बदलला. तिनं त्याच सुरात सांगितलं, "मंग स्टेशनमास्तर पांढरकवड्याच्या बसस्टँडवर आला अन् गरम भजे खाल्ले."

"हं."

"भज्यात मीठ कमी होतं."

"हं."

अतिया हसली. हुस्नाबी गेल्यापासून पहिल्यांदा हसली, चांगली तोंडावर हात ठेवून हसली. कय्युमला आधी बरं वाटलं, मग कशासाठी हसली ते कळलं. तोही ओशाळून हसला. पण हसता हसताच अतियाचा चेहरा उतरला. सूप तसंच ठेवून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

संध्याकाळी कय्युम सायकल काढून इंदूबाईच्या घरी गेला. गाद्यांचं सांगायला आला असं समजून ती उठली, तर त्यानं विचारलं, वहिनी, हुस्ना हुंकारा कशी देई?

"तुह्यासारखी नाई," इंदूबाई म्हणाली. अतियानं झाला प्रकार खुशीला फोनवर सांगितला होता, तो तिच्यापर्यंत आधीच पोचला होता. मग तिनं नीट सांगितलं. हुस्नाबी भांडायची. कहाणीतल्या माणसाचं वागणं पटलं नाही की तिचा हुंकारा बंद. मग सांगणाऱ्यानं आधी तिला पटवायचं, नाहीतर कहाणी तिथंच. वेचणीच्या ओळीतही बाया तिला घाबरत. अतिया चिडायची, अम्मी ते तसंच लिहिलंय, म्हणायची. हुस्नाबी म्हणायची, लिहिलं असेल, पण काहून लिहिलं ते सांग.

"हो हो म्हनाले काय लागते," इंदूबाई म्हणाली. "ऐकाले लागते ना, बाप्पा."

दुसऱ्या दिवशी कय्युमनं दुपारी मशीनचा खटकाच पाडून ठेवला. अंगणात बसला तेव्हा हातात दाभण होतं, पण टाका घालायची घाई नव्हती. आजही ऐकलं नाही तर भजे खिलवीन, अतिया म्हणाली. खिलव, तो म्हणाला.

तिनं पुढे सांगितलं. स्टेशनमास्तरची बायको हिवाळ्यात वारली. माती झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठला, कोटाची बटणं लावली, टोपी घातली आणि पहिल्या गाडीला झेंडी दाखवायला उभा राहिला.

कय्युम गप्प.

अतिया थांबली. "अब्बा?"

"शेजाऱ्यांनी जेवन नाई आनलं?"

"नाही."

"कोनीच नाई? मंग त्या गावात मानसं राहत होती का जनावरं?"

अतिया म्हणाली, तिकडे पद्धत वेगळी आहे. दुःखातल्या माणसाला एकटं सोडणं हाच तिथं मान. कोणी गळ्यात पडून रडत नाही. गाडीला आलेली माणसं त्याच्याशी पावसापाण्याचं बोलून जातात, आणि तेच त्यांचं सांत्वन असतं. कय्युमला हे पटेना. पाऊस पडून राह्यला हे त्याला दिसत नव्हतं का, म्हणाला. अतिया म्हणाली, तसं नाही. ते समजून घेण्यासाठी त्यांची घरं पाहावी लागतात, त्यांचा धर्म, त्यांच्या शाळा, लहान पोरांना न रडण्याबद्दल मिळणारी शाबासकी. ती बोलत गेली. मधेच उठली, खोलीत गेली, आणि कय्युमला खाटेखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. त्यानं मान वळवली नाही. दाभणात दोरा ओवत बसला.

पुस्तक घेऊन ती बाहेर आली. पानं भरभर उलटत एक ओळ इंग्रजीत वाचली, मग अर्थ सांगितला. गाडीतून उतरलेला एक शेतकरी स्टेशनमास्तरला म्हणतो, यंदा थंडी लांबली. आणि त्यानंतर तो शेतकरी कारण नसताना फलाटावर थांबून राहतो, गाडी निघून गेली तरी.

"गाडी गेली तरी उभा राह्यला?"

"हो."

कय्युमनं विचार केला. "मंग ठीक हाय," म्हणाला. "हं."

असे चारपाच दिवस गेले. तो दर थोड्या वेळानं अडायचा, ती चिडायची, पुस्तकात बोट ठेवून दाखवायची, कधी 'सर असं म्हणाले होते पण मले तसं नाही वाटत' म्हणून आणखी काही सांगायची. कय्युमला निम्मं कळे, निम्मं डोक्यावरून जाई. इंग्रज दुपारी चहाबरोबर काकडी काहून खातात ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पण न कळलेल्या जागी तो 'हं' म्हणत नसे, एवढं त्यानं पाळलं.

मधले टाके संपले. त्या दिवशी गादीचं एक तोंडच उरलं होतं. कय्युमनं कोपरा मांडीवर घेतला, दाभण हातात धरलं आणि ऐकू लागला.

स्टेशनमास्तर संध्याकाळची गाडी गेली की घरात यायचा, अतिया सांगत होती. चुलीवर आधण ठेवायचा. दोन कपांत चहा ओतायचा. एक स्वतः प्यायचा. दुसरा टेबलाच्या पलीकडे तसाच ठेवायचा, निवेपर्यंत. मग तो चहा दारामागं फेकून कप धुवायचा. रोज. पुस्तकात याचं कारण कुठंच दिलेलं नाही. सर म्हणाले, परीक्षेत यावर प्रश्न येतो.

कय्युमचा हुंकारा आला नाही.

अतियानं वाट पाहिली. आता काय विचारतील म्हणून तिनं उत्तर तयार ठेवलं होतं. पण अब्बा काही विचारत नव्हते. मांडीवरच्या उघड्या कोपऱ्यात हात घालून आतला कापूस उगाच सारखा करत होते. तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग दुकानाच्या मागच्या दाराकडे पाहिलं. तिथून भिंतीला उभ्या गाद्या दिसत होत्या, एकीवर एक रेललेल्या. ती रोज त्या दारातून जात-येत होती, आणि गिऱ्हाईकं परत का जातात हे तिच्या ध्यानात आत्ता आलं.

"अब्बा, त्याचं असं हाय," ती हळू आवाजात म्हणाली, "त्यानं दुसरा कप जो भरला..."

"ते मले मालूम हाय," कय्युम म्हणाला. "ते नको समजावू. पुढं सांग."

पुढचं सांगायला तिला जरा वेळ लागला. डोळे पुसायला पदर नव्हता, तिनं ओढणी घेतली. मग सांगितलं. एका पावसाच्या संध्याकाळी एक म्हातारी बाई चुकीच्या स्टेशनवर उतरते. परतीची गाडी सकाळी. भिजलेली, थरथरत फलाटावर बसलेली. स्टेशनमास्तर घरात जातो, चहा करतो, दोन कप भरतो. दुसरा कप उचलतो आणि बाहेर तिला नेऊन देतो. ती पिते. म्हणते, साखर थोडी जास्त आहे. तो म्हणतो, घरात सगळे इतकीच घेतात.

"संपली?"

"संपली."

कय्युमनं दाभणात दोरा ओवला. मग म्हणाला, "हं."

आणि त्यानं गादीच्या तोंडाला पहिला टाका घातला. हात मशीनला सरावलेला, शिलाई वेडीवाकडी जात होती. अतियानं कोपऱ्याच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून ठेवल्या. शेवटच्या टाक्याला त्यानं दोरा दातांनी तोडायला पाहिलं, तुटला नाही. अतियानं तोडला. मग ती उठून गादीवर बसली. एकदा इकडे सरकली, एकदा तिकडे.

"जाऊ द्या," अतिया म्हणाली.

रात्री जेवताना तिनं आपणहून विषय काढला. खोलीतली माझी जागा अपेक्षानं अजून कोणाला दिली नाही, म्हणाली. पण तिकडे गेल्यावर मी सांगू कोणाले?

"फोन कायले हाय?"

"तुम्ही मशीन चालू ठेवता."

"दुपारी बंद ठेवतो ना आता."

"अन् भजे?"

"भजे ओळखतो आता मी," कय्युम म्हणाला. "अन् खिचडी येते मले. तू जाय."

दोन दिवसांनी पहाटेच्या गाडीनं ती गेली. बसस्टँडवर गाडीची वाट पाहताना दोघांनी थंडी यंदा लवकर पडेल की उशिरा यावर बरंच बोलून घेतलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी कय्युम तिथंच उभा राहिला. मग आपण उभे आहोत हे त्याच्या लक्षात आलं आणि तो दुकानाकडे निघाला. येताना त्यानं इंदूबाईच्या घरी निरोप ठेवला, गाद्या घेऊन जा.

खुशीच्या लग्नाच्या आधीच भिंत रिकामी झाली. टाके वाकडे आहेत असं एक-दोघांनी म्हटलं. कय्युमनं ऐकलं, आणि खरं आहे म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी दुपारी तो फोन कानाशी रुमालानं बांधून बसला. ओढणीत खोचायची हुस्नाबीची युक्ती त्याला जमली नव्हती. रिंग वाजली तेव्हा दुकानात एक गिऱ्हाईक उशीचं विचारत होतं. कय्युमनं त्याला हातानंच थांबवलं.

"कसा गेला?"

"गेला चांगला. पण अब्बा, स्टेशनमास्तर नाही आला पेपरात."

"नाई आला?"

"नाही. दुसऱ्यावरच प्रश्न होते सगळे."

कय्युमला त्या स्टेशनमास्तरचं वाईट वाटलं. इतकं सांगितलं त्याच्याबद्दल, आणि कोणी विचारलंच नाही.

"बिचारा," तो म्हणाला. "जाऊ दे. परवाच्या पेपरचं सांग."

अतियानं सुरुवात केली. उशीवालं गिऱ्हाईक बंद मशीनवर टेकून उभं राहिलं. एका बापाची गोष्ट होती, मुलींना घर वाटून देऊन मोकळा होणाऱ्या. कय्युमनं दाभण खाली ठेवलं.

"हं," तो म्हणाला. मग गप्प झाला. मग म्हणाला, "थांब. घर काहून दिलं त्यानं? हे आधी सांग."